चुन्याच्या फुलीचा नारळ

डोकं दुखतं म्हणून सुगंधा तिसऱ्या दिवशीही मागच्या पडवीत आडवी पडली होती आणि माझा शेंडीचा नारळ नाहीसा होऊन आठवडा झाला होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे मी तेव्हाच ओळखलं होतं. संबंध होताच. तो कोणता, एवढंच माझं चुकलं.

सुगंधा माझी धाकटी जाऊ. माझे यजमान गेले त्यानंतर दीड वर्षात आमच्या घरात दोन चुली झाल्या. भांडण कशावरून झालं ते सांगायला बसले तर तुम्ही हसाल. मिक्सरवरून. मिक्सर कुणी जाळला यावरून. मी म्हटलं तिने, ती म्हणाली मी, आणि त्याच दिवशी दुपारी तिचं डोकं दुखायला लागलं ते संध्याकाळचा स्वयंपाक होईपर्यंत दुखलं. दुसऱ्या दिवशी मी माझी भांडी वेगळी काढली. दीर बाबल, म्हणजे तिचा नवरा, गोव्यात औषधांच्या कंपनीत कामाला. पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. तो आला तेव्हा त्याला एका घरात दोन धूर दिसले.

सुगंधाचं डोकं लग्न होऊन आली तेव्हापासून दुखायचं. भाताची लावणी आली की दुखायचं. पाहुणे यायचे असले की दुखायचं. माझ्या नणंदेच्या लग्नात ऐन हळदीच्या वेळी दुखलं, आणि दोनशे माणसांच्या जेवणाचं वाटप मी एकटीने केलं. ताप हाताला लागतो, खरूज डोळ्यांना दिसते. डोकेदुखी मात्र सांगणाऱ्याच्या शब्दावर घ्यावी लागते, आणि कुणाच्या शब्दावर काही घेणं माझ्या स्वभावात नव्हतं. माझी आई म्हणायची, ही देवळात गेली तरी चपला उराशी धरून नमस्कार करील. दोन चुली झाल्यावर मी माझ्या नारळांवर चुन्याची फुली मारायला लागले होते. यावरून काय ते समजा.

आमची काजूची बाग गावाच्या वरच्या अंगाला, थेट जंगलाला लागून. ती वाटली नव्हती. मग आम्ही असं ठरवलं की एक दिवस तिने बी गोळा करायची, एक दिवस मी. म्हणजे काम समान आणि तोंड बघायला नको. फाल्गुन लागला होता. खाली पडलेल्या बोंडांचा वास सगळ्या उतारावर भरून होता आणि त्या वासाला वानरं उतरायची. अर्धं बोंड खायचं, अर्धं टाकायचं, कोवळी बी तोडून उधळायची. विहिरीवर सगळ्या बायकांच्या समोर मी एकदा भडकून विषाची भाषा केली होती, "एकेकाक इख घालून मारतलंय." सुगंधा तेव्हा कळशी घासत होती. माझ्याकडे एकदा बघून तिने मान खाली घातली होती.

आता आमच्या गावात वानर म्हणजे मारुती. नुसतं म्हणायला नाही. वानर ज्याच्या जागेत मरेल त्याने त्याला शेंदूर लावून, नारळ ठेवून पुरायचं, अशी रीत. आणि माणसाच्या हातून मेलं तर त्या माणसाने मानकऱ्यांसमोर देवळात उभं राहून कबूल करायचं, आपल्या घरचा नारळ देवापुढे ठेवायचा, आणि त्या वर्षी शिमग्याची पालखी त्याच्या दारात येत नाही. पालखी दारावरून तशीच पुढे जाणं म्हणजे काय, ते आमच्याकडे राहिल्याशिवाय कळायचं नाही. माझ्या माहेरच्या गावात एका घरावरून ती गेली होती तेव्हा मी सहा-सात वर्षांची होते. त्या घरातली म्हातारी अंगणात पाट मांडून बसली होती, आणि पालखी गेल्यावर तो पाट उचलायला ती कितीतरी वेळ उठली नाही.

तर त्या सोमवारी माझा दिवस होता. वरच्या कोपऱ्यातल्या जुन्या काजूखाली वानर मरून पडलेलं होतं. मोठी मादी. अंगावर जखम नाही, कुत्र्यांनी ओढल्याची खूण नाही, नाकाशी थोडं रक्त वाळलेलं. मी हातातली टोपली खाली ठेवली आणि पहिल्यांदा काय आठवलं असेल, तर आदल्या दिवशी बाबलने पिशवीतून काढून सुगंधाच्या हातात दिलेली पुडी. उंदरांचं औषध. कणगीला उंदीर लागलेत, असं तो म्हणाला होता. रविवारी पुडी आली, रविवारी दुपारी सुगंधा बागेत होती, सोमवारी वानर मेलं. दोन आणि दोन चार करायला मला कधी वेळ लागला नाही.

मला राग आला, पण त्याहून भीती जास्त वाटली. हे बाहेर फुटलं तर पालखी तिच्या एकटीच्या दारावरून जाणार नव्हती. चुली दोन असल्या तरी दार एकच होतं. शिवाय फॉरेस्टवाल्यांची केस. बाबलची नोकरी. मी एक लांब फांदी घेतली आणि दुरूनच त्या वानरावर पातेरा लोटला. पातेरा म्हणजे झाडाखाली साचलेला सुका पाला, तो तिथे गुडघाभर होता. मेलेल्या देवाला हात लावायचा धीर मला झाला नाही. वर दोन दगड टाकले आणि मी घरी आले. घरी येऊन कुणाला एक अक्षर बोलले नाही.

मंगळवार तिचा दिवस. भर उन्हात ती बागेतून उतरली तेव्हा तिच्या खांद्यावर कुदळ होती. काजू गोळा करायला कुदळ कशाला लागते? ती सरळ विहिरीवर गेली, राखेने हात घासले, धुतले, परत घासले. मी माजघराच्या खिडकीतून बघत होते. संध्याकाळी नारळ फोडायला म्हणून कोपऱ्यात गेले तर शिमग्यासाठी ठेवलेला शेंडीचा मोठा नारळ जागेवर नव्हता.

बुधवारी मी वर गेले. दगड बाजूला होते. वानर नव्हतं.

झालं. आता शंकेला जागाच उरली नाही, असं मला वाटलं. स्वतः मारलं, मी झाकलेलं तिला सापडलं, आणि पुरावा तिने कुठेतरी नेऊन टाकला. मी पुढे शोधायलाही गेले नाही, कारण जे मला ठाऊक होतं ते शोधायचं कशाला? नारळाचं मात्र डोक्यातून जाईना. पाप केलं ते केलं, वर माझा नारळ खाल्ला? दोन दिवस मी तिला ऐकू जाईल असं भांड्यांशी बोलत होते की घरात हल्ली नारळांना पाय फुटायला लागलेत. ती काही बोलली नाही. पूर्वीची सुगंधा एका वाक्याला चार वाक्यं परत करायची. गप्प सुगंधा मला जास्त संशयाची वाटली.

रविवारी सकाळी रेश्मा आली. रेश्मा आमच्या वाडीची आशाताई. पोलिओच्या डोसाला यायची, गरोदर बायकांना गोळ्या द्यायची, पण रविवारी कधी येत नसे. आज हातात छापील कागद होता. कुणाला ताप आहे का, कुणी नवीन आजारी पडलंय का, असं विचारत ती मूळ गोष्टीवर आली, "काकी, तुमच्या बागेत खंय मेलला माकड गावला काय?"

मी विचारलं, माकडाचं तुला काय करायचंय? ती म्हणाली, वरून आलंय, कसल्यातरी तापासाठी विचारायला सांगितलंय, हद्दीपलीकडच्या गावांत माणसं आजारी पडलीत. मेलेल्या माकडाचा आणि तापाचा काय संबंध, ते तिलाही नीट सांगता येईना. मी मनात म्हटलं, इथे पाणी मुरतंय. कुणीतरी चुगली केली, फॉरेस्टवाले सरळ आले असते तर गाव गप्प बसलं असतं, म्हणून गावच्याच पोरीच्या हातात कागद देऊन पाठवलंय. तापाचं नुसतं निमित्त.

"नाय," मी म्हटलं. "आमच्या बागेत कायएक मेला नाय."

सुगंधा आतल्या दारात उभी होती. रेश्माने तिलाही विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग रेश्माकडे, आणि म्हणाली, "नाय गो." आणि मग कपाळ दाबत म्हणाली, "माझा डोक्या दुखता. मी पडतंय जरा." आणि आत गेली.

खाई त्याला खवखवे, म्हणतात ना? कागद बघितल्याबरोबर हिचं डोकं दुखलं. मी रेश्माला कोकमाचं सरबत दिलं, तिने कागदावर दोन शून्यं लिहिली आणि ती गेली.

सोमवारी सुगंधा उठली नाही. मंगळवारीही नाही. बागेत मी दोन्ही दिवस एकटीच गेले आणि दर टोपलीला तिचा उद्धार करत खाली आले. तिने कपाळावर सुंठ उगाळून लावली होती, त्यावर जुन्या साडीची पट्टी गच्च आवळून बांधली होती, आणि उजेड नको म्हणून पडवीच्या कवाडाला गोणपाट लावलं होतं. हे सगळं सोंग मी पूर्वी बघितलेलं होतं. फक्त पूर्वी ती कण्हायची, जेणेकरून माझ्या चुलीपर्यंत ऐकू यावं. या वेळी आवाज नव्हता.

मंगळवारी दुपारी तिने पाणी मागितलं. मी तांब्या भरून नेला आणि उंबऱ्यात ठेवला. आत पाऊल टाकलं नाही. मिक्सरच्या दिवसापासून मी तिच्या पडवीत पाऊल टाकलं नव्हतं, तिनेही माझ्या माजघरात. ती भिंतीला धरून उंबऱ्यापर्यंत आली. डोळे लालबुंद. मला वाटलं, रडून रडून झालेत. मनातल्या मनात म्हटलंही, रड, पाप केल्यावर रडावंच लागतं.

पाणी पिऊन ती तिथेच बसली आणि हळूच म्हणाली, "वयनी, तू भिया नको. मी खंयच सांगूक नाय. तू पण सांगू नको."

मला भयंकर संताप आला. म्हणजे स्वतः करायचं आणि वर मला आपल्या पापात भागीदार करून घ्यायचं. 'तू भिऊ नको' म्हणे. भ्यायला मी काय केलं होतं? हात लांब केला असता तर तिच्या कपाळाला लागला असता, एवढ्या अंतरावर मी उभी होते. मी तांब्या उचलला आणि चुलीकडे परतले.

आज इतक्या वर्षांनी मला या सगळ्यातलं काय टोचत असेल, तर तेवढं हातभर अंतर.

बुधवारी सकाळी मी मागच्या दारी राख टाकायला गेले तर तिची कपाळाची पट्टी खाली पायरीवर पडलेली होती, आणि तिच्यावर लाल डाग होते. कुंकवाचे असतील म्हणून मी वाकून बघितलं. कुंकू नव्हतं. पडवीचं गोणपाट बाजूला करून मी आत गेले. ती एका अंगावर पडली होती, ओठांच्या कडेला आणि दातांच्या फटीत रक्त सुकलेलं होतं. मी हाक मारली. तिने डोळे उघडायचा प्रयत्न केला आणि परत मिटले. तेव्हा मी तिच्या कपाळाला हात लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा लावला, आणि तापलेल्या तव्यावरून घ्यावा तसा मागे घेतला.

ताप होता. चार दिवस ताप होता, आणि मी एका छपराखाली राहून मला तो माहीत नव्हता. तिने सांगितला नाही, म्हणावं तर मी तरी कुठे विचारलं? तिने 'डोकं दुखतं' एवढंच सांगितलं होतं आणि ते मी मोडीत काढलं होतं.

जिला फॉरेस्टवाल्यांनी पाठवलंय असा वहीम मी घेतला होता, त्याच रेश्माच्या घरी मी अनवाणी पळत गेले. तिने फोन करून गाडी बोलावली. बाबलला कळवलं. गाडीत सुगंधाचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ती दात आवळत होती. डोकं इतकं दुखू शकतं, हे मी तोवर मानलंच नव्हतं.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, घाटावरचे. त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं, ताप कधीपासून आहे. मी म्हटलं, माहीत नाही. डोकं कधीपासून दुखतंय? रविवारपासून. पुढून दुखतंय की मागून? मी म्हटलं, माहीत नाही. उलट्या? माहीत नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी शेजारीण असेन, असं त्यांना वाटलं असावं. मी कोण, असं विचारल्यावर मी म्हटलं, थोरली जाऊ.

मग ते सुगंधाच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "ताई, तुमच्या बागेत मेलेलं माकड दिसलं होतं का?"

तिचे डोळे मिटलेले होते. पण तिने ते उघडले, माझ्याकडे वळवले, आणि रक्ताळलेल्या तोंडाने स्वच्छ म्हणाली, "नाय."

मी खाटेच्या दांडीला धरून उभी होते. डॉक्टर मला बाजूला घेऊन गेले. म्हणाले, मावशी, एक ताप आहे, माकडांना होतो आणि त्यांच्या अंगावरच्या गोचिडीतून माणसांना होतो. अचानक डोकं भयंकर दुखतं, ताप येतो, डोळे लाल होतात, मग रक्त जातं. हिला तोच असेल तर मला आत्ता हिचं रक्त पुण्याला पाठवायला हवं आणि हिला गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवायला हवं. पण साधा हिवताप असेल आणि मी हिला एवढ्या लांब खड्ड्यांतून नेलं, तर वाटेत जास्त होईल. ती नाही म्हणतेय. तुम्ही सांगा.

आता हे डॉक्टर होते की फॉरेस्टवाल्यांचे? खोटं का सांगू, त्या घटकेलाही माझ्या मनात हे येऊन गेलं. संशयी माणसाचं मन मसणातही लाकडं मोजतं. मी सुगंधाकडे बघितलं. ती खाटेवरून माझ्याकडे बघून मान हलवत होती, सांगू नको म्हणून. तिला मरणाची भीती नव्हती, तिला मी बोलेन याची भीती होती. मी कबूल केलं तर बाबलची नोकरी, पालखी, केस, सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि नाही केलं तर ही बाई, जिने माझा मिक्सर जाळला, जी माझ्या हाताखाली अठरा वर्षं वावरली, ती एका 'नाय'वर जाणार होती.

"होय," मी म्हटलं. "मेलला होता. एक. मागच्या आठवड्यात, सोमवारी."

मग मला थांबता येईना. मी म्हटलं, डॉक्टर, कुणाच्या हातून घडलं असेल तर ते अज्ञानातून घडलं, तिच्या नवऱ्याचा यात काही हात नाही, तुम्ही तक्रार लिहिणार असाल तर माझ्या नावावर लिहा, बाग माझीही आहे. ते माझ्याकडे बघत राहिले. "कसली तक्रार?" ते म्हणाले. "मावशी, कुणी मारलेलं नाही. महिनाभर या पट्ट्यात माकडं तापाने मरतायत. तीन गावांत मेलीत."

हे ते जरा मोठ्याने बोलले असावेत. कारण खाटेवरून आवाज आला.

"म्हणजे वयनीन मारूक नाय तेका?"

डॉक्टरांना त्याचा अर्थ लागला नाही. ते नर्सला हाका मारत होते, रक्ताच्या बाटल्या मागवत होते. मला लागला. आधी एकदम लागला नाही, बाहेरच्या बाकावर बसून राहिल्यावर हळूहळू लागला. विहिरीवर मी काय बोलले होते ते आठवलं, तिने खाली घातलेली मान आठवली, 'तू भिया नको' आठवलं. दवाखान्याच्या त्या बाकाखाली फिनेलचा वास येत होता. आजही तो वास आला की मी उठून दुसरीकडे बसते.

तिला गोव्याला हलवलं. बाबल तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याची माणसं आली, गोचीड चढू नये म्हणून पायांना चोळायला तेल दिलं आणि म्हणाली, जागा दाखवा. मी त्यांना जुन्या काजूपर्यंत नेलं. इथे होतं, पण पुढे कुठे गेलं ते ठाऊक नाही, असं सांगितलं. त्यांच्यातल्या एकाने आजूबाजूला शोधलं आणि वीसेक पावलांवर, कुंपणाच्या दगडी गडग्याशी, त्याला उकरलेली माती दिसली. वर काटेरी फांद्या ओढून घातल्या होत्या, जनावराने उकरू नये म्हणून. त्यांनी फांद्या बाजूला केल्या. मातीवर शेंदूर होता, वाळलेली जास्वंद होती, आणि मधोमध एक शेंडीचा नारळ उभा ठेवलेला होता. त्याच्या पोटावर चुन्याची फुली होती.

मला म्हणाले, मावशी, मागे व्हा, इथे पावडर मारायची आहे. मी मागे झाले.

सुगंधा सव्वीस दिवसांनी घरी आली. मधे एकदा ताप उतरून परत चढला, परत तेच डोकं, आणि दोन दिवस बाबलचा फोन आला की मी उचलायच्या आधी देवाकडे बघत असे. पण आली. आली तेव्हा केस मूठ मूठ गळत होते आणि पडवीच्या खांबाला धरल्याशिवाय बसता येत नव्हतं. मी माझी चूल विझवून टाकली होती. तिला ते दिसलं. पेज भरवताना मी तिला विचारलं, पुरलंस ते पुरलंस, पण माझा नारळ का नेलास? तुझ्या कोपऱ्यात तीन होते.

"पाप तुझा," ती म्हणाली. "मगे माझ्या नारळान कसा फिटतला? देव काय खुळो आसा?"

मी पेजेचा चमचा वाटीत ठेवला. तिला वाटलं होतं की मी देव मारला. हे वाटून तिने कुणाकडे एक शब्द काढला नाही, मेलेलं वानर दोन्ही हातांनी उचलून वीस पावलं नेलं, भर उन्हात कातळाची जमीन खणली, आणि माझ्या वतीने माझा नारळ ठेवून देवाकडे माझ्यासाठी रदबदली केली. त्या उचलण्यात तिच्या अंगावर गोचीड चढली असणार. मीही त्याच वानरापाशी गेले होते, पण लांब फांदी घेऊन. उंदरांच्या औषधाची पुडी मला पुढे कणगीमागे सापडली. तिची सुतळीसुद्धा सुटलेली नव्हती.

पुढे सुगंधा पूर्ण बरी झाली. आता पन्नाशीला आली आहे, वजन वाढलंय, आणि डोकं अजून दुखतं. एकदा हसता हसता तिने कबूल केलं की मिक्सरच्या दिवशीचं खोटं होतं, हळदीच्या दिवशीचं खरं होतं, बाकीचं निम्मं-निम्मं. मी आता विचारत बसत नाही. दुखतं म्हणाली की आधी हात लावून बघते.

पण एक गोष्ट तिला अजून ठाऊक नाही. त्या दिवशी पेज संपल्यावर तिने मला सहज विचारलं होतं. तिच्या मनात काही नव्हतं, नुसतं कुतूहल होतं.

"वयनी, तू मारूक नाय, तर मगे तेच्यावर पातेरो कित्याक घातलंस?"

तिच्यावर आळ घेतला म्हणून, तिचं पाप झाकायला म्हणून, हे माझ्या तोंडाशी आलं. खरं सांगायची तीच वेळ होती. तिने माझ्यासाठी देवापुढे नारळ ठेवला होता आणि मी तिच्यासाठी पाला लोटला होता, हे मला तिला सांगता आलं नाही.

"कोले खातले म्हणान," मी म्हटलं.

"बरा केलंस," सुगंधा म्हणाली, आणि खांबाला डोकं टेकून तिने डोळे मिटले. तिला पटलं. एवढ्याशा उत्तरावर, लगेच पटलं.